महागड्या दुर्बिणीने नेम सुधारतो का?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. मूळचा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा आणि पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात घडलेला हा नेमबाज त्या दिवशी ५० मीटरवरील १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळाचा वेध घेत होता. त्याच्या रायफलवर दुर्बीण मात्र नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती असूच शकत नाही.

ही बाब अनेक पालकांना ठाऊक नसते. मुलगा किंवा मुलगी रेंजवर जाऊ लागली की काही महिन्यांतच साहित्यखरेदीचा प्रश्न उभा राहतो. बाजारात रायफलवर बसवायच्या दुर्बिणी, म्हणजेच स्कोप, दोन-तीन हजार रुपयांपासून दोन-तीन लाखांपर्यंत मिळतात. दिसायला साऱ्या सारख्याच, काळ्या नळीच्या. मग किमतीत शंभरपट अंतर का आणि ते मोजावे का? याचे उत्तर दुर्बिणीच्या किमतीपेक्षा तिच्या वापरात दडलेले आहे.

नियम काय सांगतो?

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत भिंगे असलेली, प्रतिमा मोठी करून दाखवणारी साइट चालत नाही. दृष्टिदोष असल्यास मागील साइटवर चष्म्याप्रमाणे दोष सुधारणारे भिंग लावता येते, एवढीच सवलत. नेमबाज वापरतात ती 'पीप साइट'. तिच्या मागील चकतीत जेमतेम मिलिमीटरभराचे छिद्र असते आणि पुढे एक कडे. छिद्रातून पाहिल्यावर कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल बसवायचा, हे तिचे तत्त्व. छिद्र लहान असल्याने जवळचे कडे आणि दूरचे लक्ष्य दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात. डोळे बारीक करून दूरची पाटी वाचताना जे घडते, तेच येथे घडते. नवोदितांसाठी असलेल्या 'ओपन साइट' गटात तर छिद्रही नसते. खाच आणि टोक जुळवूनच नेम धरावा लागतो.

ऑलिम्पिकबाहेरच्या १० मीटर हलत्या लक्ष्याच्या प्रकारात दुर्बीण चालते, तीही जास्तीत जास्त चारपट मोठे दाखवणारी. परदेशात बाकावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या काही स्पर्धांतही तिला मुभा आहे. महागड्या दुर्बिणींचा मोठा ग्राहक मात्र युरोप-अमेरिकेतील शिकारी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. त्यामुळे ज्या गुणांसाठी तो ग्राहक पैसे मोजतो, ते येथे उपयोगी पडतीलच असे नाही.

पैसा नेमका कशावर खर्च होतो?

पहिला खर्च काचेवर आणि तिच्यावरील लेपावर. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तरी जवळपास एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला. आजच्या बहुपदरी लेपांमुळे ही गळती दर पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणता येते. मावळतीच्या अंधूक उजेडात हा फरक मोलाचा ठरतो. दिव्यांनी उजळलेल्या बंदिस्त रेंजवर तो जवळजवळ जाणवत नाही.

मोठ्या तोंडाच्या दुर्बिणीचेही तसेच. पुढील भिंगाचा व्यास भागिले वर्धन केले की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटरच्या भिंगातून दहापट मोठे पाहिल्यास हा झोत चार मिलिमीटरचा असतो. चांगल्या उजेडात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते. उरलेला प्रकाश वाया जातो, आणि त्यासाठी मोजलेला पैसाही.

दुसरा खर्च आतल्या यंत्रणेवर, आणि खरा फरक येथे आहे. नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी दुर्बिणीवर दोन चक्र्या असतात. बहुतेक दुर्बिणींत चक्रीचा एक 'क्लिक' म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा चौथा हिस्सा. शंभर मीटरवर हे अंतर सुमारे सात मिलिमीटर भरते, दहा मीटरवर ०.७ मिलिमीटर. चांगल्या दुर्बिणीत दहा क्लिक पुढे व दहा मागे फिरवले की नेम पूर्वीच्या जागी परततो. स्वस्त दुर्बिणीत तो कधी आठ क्लिकांइतकाच सरकतो, कधी दोन-चार गोळ्या झाडल्यानंतर जागेवर येतो. एअर रायफलच्या लक्ष्यावर एक दशांश गुण म्हणजे अवघे पाव मिलिमीटर, हे लक्षात घेतले की या ढिलाईची किंमत कळते. नवशिक्याचे नुकसान त्याहून मोठे. चूक हाताची की यंत्राची, हेच त्याला उमगत नाही. तो स्वतःचा योग्य पवित्रा बदलत बसतो.

तिसरा मुद्दा डोळ्याच्या जागेचा. दुर्बीण एका ठरावीक अंतरासाठी जुळवलेली असते. लक्ष्य त्याहून जवळ किंवा दूर असेल आणि डोळा मध्यापासून ढळला, तर नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. शंभर मीटरसाठी जुळवलेली, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दहा मीटरवर वापरल्यास ही चूक जास्तीत जास्त १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. एअर रायफलचे संपूर्ण लक्ष्यच ४५.५ मिलिमीटर व्यासाचे असते. दहा मीटरपर्यंत जुळवता येणारी मध्यम किमतीची दुर्बीण येथे शिकारीसाठी बनवलेल्या लाखमोलाच्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरते.

पुण्याच्या हवेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पावसाळ्यातील दमट हवा नळीत शिरली की काचेवर आतून वाफ धरते आणि कालांतराने बुरशी येते. कॅमेरे बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. चांगल्या दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून सांधे बंद केलेले असतात.

महाग म्हणजे टिकाऊच का?

तसेही नाही. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअरगनचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो. बहुतेक दुर्बिणी केवळ मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेल्या असतात. एअरगनसाठी योग्य असल्याची नोंद नसेल, तर महागडी दुर्बीणही त्यावर खिळखिळी होते.

दुर्बीण घ्यायचीच असेल, तर एक साधी चाचणी करता येते. रायफल घट्ट टेकवून एकाच बिंदूवर नेम धरावा. एक फैर झाडून वीस क्लिक वर, मग वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे असे करत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा झाडावे. छिद्रांचा चौकोन नीट जुळला आणि शेवटचे छिद्र पहिल्याजवळ पडले, तर यंत्रणा विश्वासार्ह. ही चाचणी जी दुर्बीण पार करते, तिच्यापुढे मोजलेला जादा पैसा मुख्यतः अंधूक उजेडातील दृश्यासाठी आणि नावासाठी असतो. जी पार करत नाही, ती दोन हजारांनाही महागच.

स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी मात्र दुर्बिणीचा विचार बाजूला ठेवावा. तोच पैसा आधी अचूक क्लिक देणाऱ्या पीप साइटवर खर्च करावा. तिचा एक क्लिक दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकतो. त्यानंतर छर्ऱ्यांकडे वळावे. एकाच रायफलमधून निरनिराळ्या बनावटीचे छर्रे निरनिराळे विखुरतात. त्यामुळे दोन-चार प्रकार टेकवून झाडून पाहावेत आणि जो सर्वांत जवळजवळ बसेल तो निवडावा. उरलेली रक्कम अंगाला नीट बसणाऱ्या जॅकेटसाठी, प्रशिक्षकाच्या शुल्कासाठी आणि रेंजवरील तासांसाठी राखून ठेवणे अधिक हिताचे. दुर्बीण लक्ष्य जवळ आणते, तशी हाताची थरथरही मोठी करून दाखवते; ती कमी करण्याचे काम सरावालाच करावे लागते.