बारदानाचे वजन

धान्यबाजारात पोते काट्यावर चढले की बारदानाचे वजन वजा होते. पैसे धान्याचे द्यावयाचे असतात, पोत्याचे नव्हे. परंतु मोजावयाची वस्तू हवेतील विषारी वायूचा अत्यल्प अंश असेल, तर हेच बारदान शास्त्रज्ञांना जड होते.

१८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाखविले की, क्वार्ट्‌झसारखा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युतभार प्रकटतो. उलट, वीज दिल्यास तो कंप पावतो. त्यावर सूक्ष्म थर बसला की कंपनांची गती मंदावते. त्या घटीवरून थराचे वजन काढण्याची रीत झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये मांडली. वायू धरून ठेवणारा लेप दिला की हाच स्फटिक संवेदक बनतो. मात्र वीज पोहोचविण्यासाठी त्यावर सोन्याची किंवा ॲल्युमिनियमची विद्युतअग्रे बसवावी लागतात. हे बारदान नुसते वजा करून भागत नाही. ते कंपनालाच जखडते.

२००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफीन, म्हणजे कार्बन अणूंचा एकेरी थर, वेगळा केला. त्याच्या एका चौरस मीटरचे वजन एक मिलिग्रॅमहूनही कमी. तेवढ्याच जागेवर सोन्याचा शंभर नॅनोमीटरचा मुलामा सुमारे दोन ग्रॅम भरतो. म्हणूनच ग्राफीनची विद्युतअग्रे आकर्षक ठरतात. अर्थात धातूच्या मुलाम्याच्या मानाने त्याचा विद्युतरोध अधिक असतो, आणि कार्बन स्वस्त असला तरी निर्दोष ग्राफीन स्वस्त नाही. मोल द्रव्याचे नसते, त्यावर खर्ची पडलेल्या कौशल्याचे असते.

हा खर्च कोणासाठी करावयाचा? गटारातील हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाक बधिर होते आणि दुर्गंधीची सूचनाही मिळेनाशी होते. गटारसफाईत मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. मृत्यूनंतरची ही किंमत आपल्या हिशेबात आली. मृत्यूपूर्वीची सूचना अद्याप खर्चाच्याच रकान्यात आहे. माणसास गटारात उतरविणे थांबलेच पाहिजे. तोवर त्याच्या कमरेला विश्वासार्ह संवेदक तरी हवा. ग्राफीनचे मोल प्रयोगशाळेतील कौतुकाने ठरणार नाही. ते त्या कमरेपर्यंत पोहोचते की नाही, यावरच ठरेल.