ट्रीमॅप रिकामा करायला लूप कशाला?

वेरूळच्या 34 लेण्यांची यादी लेणीक्रमांकानुसार जावाच्या ट्रीमॅपमध्ये ठेवली, तर 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन लेणी आपोआप क्रमाने लागतात, कारण आत रेड-ब्लॅक ट्री असतो. सगळी यादी पुसायला नवशिके लूप लावून एकेक नोंद काढतात. ते टाळावं. दर रिमूव्हला नोंद शोधा, मग झाडाचा तोल सांभाळा. क्लिअर() मात्र रूटचा दुवा नल करतं, आकार शून्य करतं आणि थांबतं. नोंदी 34 असोत वा 34 लाख, वेळ तेवढाच.

मग जुने नोड्स मेमरीत अडकून राहतात का? बाहेरून कुणी त्यांना धरून ठेवलं नसेल, तर गार्बेज कलेक्टर ते उचलतो. खर्च पुढे ढकलला जातो, हे खरं. सी प्लस प्लसमध्ये असा कलेक्टर नाही, म्हणून तिथल्या मॅपचं क्लिअर() प्रत्येक नोड स्वतः मोकळा करतं आणि वेळ नोंदींच्या प्रमाणात वाढतो. जावात सरळ नवा ट्रीमॅप का बनवू नये? कारण जुना इतर ऑब्जेक्ट्सकडेही असेल, तर त्यांना जुन्याच नोंदी दिसत राहतील.

एक अपवाद लक्षात ठेवा: सबमॅप(13, 30).क्लिअर() लिहिलंत, तर 17 हिंदू लेणी मूळ मॅपमधूनच जातात, आणि तीही एकेक करून.

संभाजीनगरच्या कोडिंगवाल्यांनो, शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा.