चेंडू अडविण्याची कला

हॉकीत जोरदार फटका मारणाऱ्याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु सोबत्याने दिलेला चेंडू ज्याला नीट अडविता येत नाही, त्याला फटका मारण्याची संधीच लाभत नाही. हा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा व अत्यंत टणक असतो. ताठ धरलेल्या काठीवर तो आदळला, की उसळून प्रतिपक्षाकडे जातो.

म्हणून कुशल खेळाडू डाव्या हाताने काठीचे वरचे टोक घट्ट धरतो. उजवा हात मात्र सैल ठेवतो. गुडघे वाकवून, दृष्टी चेंडूवर खिळवून तो काठीची सपाट बाजू पुढे करतो आणि स्पर्श होताच ती किंचित मागे घेतो. चेंडूचा वेग तेथेच जिरतो. मेजर ध्यानचंद यांच्या काठीला चेंडू जणू चिकटूनच राही!

१९७६ साली माँट्रिऑल येथे ऑलिंपिकमधील हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. अशा सपाट मैदानावर चेंडू अधिक वेगाने धावतो. त्या वर्षी भारतीय संघ १९२८ नंतर प्रथमच पदकावाचून परतला. जुनी विद्या नव्या मैदानावर पुन्हा घोटावी लागली. वेगाशी न झगडता त्याला सामावून घेणे, हेच तिचे मर्म होय.