जुन्या मॅटॅडोरच्या ऑइल-दाबाचे निदान

बजाज टेंपोची मॅटॅडोर आजही ज्यांच्याकडे इमानेइतबारे धावते आहे, त्यांनी इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकू लागताच इंजिन उघडण्याचा हुकूम सोडू नये. मात्र खालून ठोका ऐकू येत असेल, तर तत्क्षणी इंजिन बंद करावे. पंपाची गती इंजिनाच्या गतीशी बांधलेली असते आणि उष्णतेने ऑइल पातळ होते, म्हणून मंद गतीला दाब काहीसा उतरणे स्वाभाविकच होय. दिव्याची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावावा आणि इंजिन पूर्ण तापवून मोजणी करावी. मिनिटाला हजार फेऱ्यांमागे साधारण 10 पीएसआय हा कारागिरांचा जुना, ढोबळ दंडक आहे. डिपस्टिकवरील ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ते कोठून मिसळते याची तहकिकात आधी व्हावी. जाड ऑइल ओतून दिवा विझवण्याचा प्रघात मला सर्वस्वी अमान्य आहे, कारण झीज त्याने थांबत नाही. गेजवरही आयडलिंगचा दाब फार कमी दिसला, पण गती वाढवताच तो नीट चढत असेल, तर झिजलेल्या बेअरिंगांचा संशय बळावतो. तरीही चढत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह, पंप आणि संप उतरवून आतली जाळी तपासावी.