बुद्धिमान मूल आणि उसाचा हंगाम

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'पोरगं हुशार आहे' हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. ज्याचा वर्गात पहिला नंबर तो हुशार, ज्याला तीसपर्यंत पाढे पाठ तो हुशार, पाहुण्यांसमोर न अडखळता कविता म्हणतो तोही हुशार. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. शाळेने शिकवलेले चांगल्या रीतीने परत देणे ही एक शक्ती झाली. प्रज्ञावान मुलाची चाल थोडी वेगळी असते. ते शिकवण्याच्या पुढे धावते, नको तिथे 'का' विचारते, एखाद्या गणितात रमले की घंटा झालेली त्याला कळत नाही. जे एकदा समजले तेच दहा वेळा लिहायला लावले, तर ते कंटाळते आणि शेजाऱ्याच्या खोड्या काढते. मग गुरुजी त्याला 'वांड' म्हणतात. माझ्या वाचकमित्रांपैकी अनेकांनी असे एखादे वांड पोर पाहिले असेल.

बुद्धी मोजण्याचे प्रयत्न जगात पुष्कळ झाले. अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली बुद्धिमापन कसोट्या लावून सुमारे १५०० मुले निवडली व त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. गंमत अशी की, या कसोट्यांत कमी पडल्यामुळे वगळलेल्या मुलांत शॉकली आणि अल्वारेझ हे दोघे होते. पुढे १९५६ व १९६८ साली दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले! रेंझुली या दुसऱ्या अभ्यासकाने १९७८ साली म्हटले की, केवळ बुद्धी पुरत नाही. सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा ध्यास, या तिन्हींचा जिथे मेळ बसतो तिथे प्रतिभा दिसते. म्हणजे एका दिवसाच्या एका कागदावर मुलाची पारख पुरी होत नाही.

यासाठी अमेरिकेला जाण्याचेही कारण नाही. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा होईपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. तेथे १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत अनेकदा नापास झाले. पण हैदराबादेत त्यांना मामा डॉ. नांदापूरकर यांचे घर मिळाले. मामा मराठीचे व्यासंगी प्राध्यापक. घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती आणि पोराच्या प्रश्नांना उत्तर देणारे माणूस होते. परीक्षेने ज्यांना नापास ठरवले ते नांदेडला शाळाशिक्षक झाले, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांना विचारवंत म्हणून मान दिला. कुरुंदकरांना मामा मिळाले. ज्यांना असे मामा नाहीत त्यांच्यासाठी शाळेने मामा व्हावे, असे मला वाटते.

महाराष्ट्राने या बाबतीत काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्राथमिक व माध्यमिक शाळांतील शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहेत. मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने निघाली. मराठवाड्यासाठी ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाले. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र प्रशाला काढली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांना आधार दिला. तेथे सहावीत प्रवेश, राहणे-जेवणे-पुस्तके विनामूल्य, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. २००८ पासून आर्थिक दुर्बल घटकांतील मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा दिली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. गरिबाच्या घरी ही रक्कम लहान नव्हे.

मग अडते कुठे? माझ्या मते ते दिनदर्शिकेत अडते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या आपल्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाशेजारी कोपी उभी राहते आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरी येणे होत नाही. आता परीक्षा पाहा. आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षा डिसेंबरात. नवोदयची प्रवेश परीक्षा अलीकडे डिसेंबर-जानेवारीत. शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा माझ्या वेळी फेब्रुवारीत. बुद्धिमान मुलांचा शोध घेणारी ही तिन्ही जाळी ज्या महिन्यांत टाकली जातात, नेमक्या त्याच महिन्यांत आमची मुले गावात नसतात. कोणी मुद्दाम असे केले, असा माझा आरोप नाही. तारखा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उसाचा फड आलाच नाही, एवढेच.

पाचवीत आमच्या वर्गात एक मुलगी होती. सर फळ्यावर गणित पुरते लिहीपर्यंत तिचे उत्तर तयार असे. घेतलेली उचल किती, टनाला भाव किती, फिटले किती आणि अंगावर राहिले किती, हा हिशेब ती आईबापांना तोंडी सांगे. सरांनी शिष्यवृत्तीसाठी सर्वांत आधी तिचेच नाव लिहिले होते. दिवाळी झाली, टोळीचा ट्रक आला आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला जावे लागले. परीक्षा झाली त्या दिवशी ती कर्नाटकातल्या कुठल्याशा फडावर होती. माझे आईवडीलही तोडीलाच गेले होते; पण मला आजीजवळ ठेवले होते. म्हणून मी परीक्षेला बसले आणि आज आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी मी आहे. तिची शाळा सातवीनंतर सुटली. आम्हा दोघींत फरक बुद्धीचा नव्हता, आजीचा होता.

काही जण विचारतील, "आधी मागे पडलेल्यांना वर आणा, हुशार मुले काय, आपली आपण पुढे जातात!" सुशिक्षित घरात ती जातही असतील. तेथे पुस्तक असते, शिकवणी असते, फॉर्म भरणारे वडील असतात. ज्या घरात यातले काही नाही, तिथल्या बुद्धिमान मुलाला शाळेवाचून दुसरे कोण आहे? शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच मुलाच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास हे शिक्षणाचे काम म्हणून सांगितले आहे. 'पुरेपूर' या शब्दात हुशार मूलही आलेच.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला तारखांचा. तोडीला गेलेल्या मुलांसाठी याच परीक्षांची दुसरी फेरी जून-जुलैत घेता येईल. नापासांसाठी पुरवणी परीक्षा असते, मग गैरहजर राहणे ज्यांच्या हाती नव्हते त्यांच्यासाठी का नसावी? दुसरा उपाय आजीचा. मुलांना गावातच नातेवाइकांजवळ ठेवून जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आपल्याकडे आहे. ती दिवाळीपूर्वीच सुरू झाली पाहिजे. ट्रक गेल्यावर सुरू झालेल्या वसतिगृहाचा उपयोग काय?

तिसरा उपाय वर्गातला. ज्याला भागाकार येतो त्याला पंचवीस न देता पाच द्यावेत. ते बरोबर आले तर उरलेल्या वेळात गावच्या विहिरींची पातळी दरमहा मोजून आलेख काढायला सांगावे, किंवा जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्यांकडून उतरवून घ्यायला लावावे. शास्त्रात याला समृद्धीकरण म्हणतात. दुसरी रीत मुलाला वरच्या इयत्तेचा अभ्यास देण्याची. आमच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसत आणि तिसरीतली दोन-तीन मुले कान देऊन चौथीचे धडे शिकत. खेड्यातल्या शाळेची ही अडचण बुद्धिमान मुलाला वरदान ठरू शकते. फक्त गुरुजींनी ते हेरायला हवे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही विशेष गुणांच्या मुलांसाठी शाळा आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे काढावीत, असे सुचवले आहे.

शेवटी आपल्याविषयी. आपल्यापैकी बरेच जण खेड्यातून आलो आहोत आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी पुन्हा खेड्यातच जातो. रस्ते झाडणे चांगलेच. पण त्या सात दिवसांत गावातल्या शाळेत बसून कोणते मूल फार प्रश्न विचारते, कोणते तोडीला गेले आहे आणि कोणाचा फॉर्म राहिला आहे, याची यादी आपण करू शकतो. ती मुख्याध्यापकांना द्यावी, एक प्रत प्राध्यापकांजवळ ठेवावी आणि जूनमध्ये टोळ्या परतल्यावर पुन्हा त्या गावात जाऊन यावे. या वर्षीच्या शिबिरापासून हे काम सुरू करावे, अशी माझी सर्व मित्र-मैत्रिणींना आणि गुरुजनांना नम्र विनंती आहे.