चाकांना रजा, बर्फावर मजा. पण जरा जपून!

पावसाळ्यात चिखलात रुतलेली दुचाकी बाहेर काढण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी असतो. चाक जितके जोरात फिरवावे, तितके ते अधिकच खोल जाते. अमेरिकेतील आयडाहो आणि कोलोरॅडो किंवा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया या डोंगराळ प्रांतांत हिवाळ्यात भुसभुशीत बर्फाचे थरावर थर साचतात, तेव्हा तेथील डर्ट बाइकचीही हीच गत होते. त्यावर तेथील दुचाकीवेड्यांनी शोधलेला उपाय मोठा धाडसी आहे. तो म्हणजे मोटारसायकलची दोन्ही चाकेच काढून टाकायची!

पुढच्या चाकाच्या जागी एक रुंद स्की बसते. मागचे चाक आणि ते धरून ठेवणारा स्विंग-आर्म उतरवून तेथे रणगाड्यासारखा, पण रबरी, अखंड फिरणारा पट्टा येतो. इंजिन, टाकी, आसन आणि हँडल मूळचेच राहतात. अशा वाहनाला ‘स्नो बाइक’ म्हणतात. गुलमर्ग किंवा सोलंग खोऱ्यात सहलीला गेलेल्या वाचकांनी ‘स्नो स्कूटर’ पाहिली असेल. तिला पुढे दोन स्की आणि मागे रुंद पट्टा असतो. स्नो बाइकला स्की एकच आणि पट्टा अरुंद. त्यामुळे ती मोटारसायकलप्रमाणेच वळणावर झुकते आणि दाट झाडीतूनही वाट काढते.

गणित वजनाचे नव्हे, दाबाचे

जड वाहन बर्फात बुडते, हा समज अर्धाच खरा आहे. खरा प्रश्न ते वजन किती जागेवर पसरते, हा असतो. डर्ट बाइकचा टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या आसपास दाब देतो. सुमारे ११ इंच, म्हणजे २८ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दीड मीटरच्या आसपास लांबीत बर्फाला टेकला, तर स्वारासह अडीचशे किलोंचा भार जवळपास चार हजार चौरस सेंटिमीटरवर विभागला जातो. दाब भरतो चौरस सेंटिमीटरला अवघा ०.०६ किलो. ढोबळ हिशेबाने हा दाब उभ्या माणसाच्या पावलांच्या दाबापेक्षाही कमी आहे. म्हणूनच यंत्र बर्फावर तरंगते आणि खाली उतरलेला स्वार मात्र मांडीपर्यंत रुततो!

पट्ट्यावरील दोन ते तीन इंच उंचीच्या रबरी पात्या वल्ह्यांप्रमाणे बर्फ मागे लोटतात. हे काम ताकदीचे आहे. त्यामुळे रूपांतरासाठी साधारणपणे ४५० सीसीच्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्यांना पसंती दिली जाते.

इंजिनालाही हुडहुडी

काम एवढ्यावर संपत नाही. डर्ट बाइकचे इंजिन तापू नये, अशा बेताने तिची रचना केलेली असते. बर्फात अडचण नेमकी उलटी होते. गोठवणारा वारा आणि रेडिएटरवर उडणारा बर्फ यांमुळे इंजिन योग्य तापमानालाच पोहोचत नाही. मग थर्मोस्टॅट बसवावा लागतो, रेडिएटर झाकावा लागतो आणि न गोठणारे शीतक द्रव्य योग्य प्रमाणात भरावे लागते. हवेच्या फिल्टरवाटे बारीक बर्फ आत शिरू नये, यासाठी आवरण हवे. कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत इंधनाचे प्रमाणही नव्याने जुळवावे लागते, कारण थंड हवा अधिक घन असते.

ब्रेकची कथाही वेगळी. पुढचे चाकच गेल्यामुळे पुढचा ब्रेक निकामी होतो. सारी मदार पट्टा रोखणाऱ्या एकमेव ब्रेकवर राहते. चढावर किंवा खोल बर्फात ॲक्सिलरेटर सोडला, की गाडी आपोआप मंदावते. घट्ट बर्फाच्या उतारावर मात्र सवयीने पुढच्या ब्रेककडे गेलेला हात रिकामाच परततो. मुरलेल्या मोटोक्रॉसपटूलाही येथे नव्याने धडे गिरवावे लागतात.

गरजेतून खेळाकडे

बर्फावर पट्टा चालवण्याची कल्पना मात्र हौसेतून जन्मलेली नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील मेकॅनिक जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांच्या चिमुकल्या मुलाला १९३४ च्या हिवाळ्यात तातडीच्या उपचारांची गरज होती. रस्ते बर्फाने बंद असल्याने रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले. पुढे बॉम्बार्डिए यांनी दातेरी चक्रावर फिरणारा रबरी पट्टा विकसित केला. त्याचे पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळाले. १९५९ मध्ये त्यांची लहान ‘स्की-डू’ बाजारात आली आणि बर्फावरील वाहन हौसेचाही विषय झाले.

मोटारसायकलला जोडता येणारा संच लोकप्रिय करण्यात आयडाहोमधील सँडपॉइंट गावच्या ‘टिंबरस्लेड’ या कंपनीचा मोठा वाटा होता. २०१५ मध्ये ‘पोलारिस’ या बड्या उद्योगाने ती विकत घेतली. २०१७ मध्ये कोलोरॅडोतील ॲस्पेन येथील ‘एक्स गेम्स’मध्ये स्नो बाइकची शर्यत प्रथमच झाली. कॅनडाच्या ब्रॉक हॉयरने तिचे सुवर्णपदक जिंकले.

जाणे सोपे, परतणे?

पूर्वी जेथे पोहोचायला अर्धा दिवस घाम गाळावा लागे, तेथे स्नो बाइक अल्पावधीत नेऊन सोडते. धोका येथेच दडलेला आहे. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि स्वारांना मोह पडतो तो याच उतारांचा. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत तो कडा त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या भारानेच सुटलेला असतो. गाडलेल्या व्यक्तीला पहिल्या दहा ते पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर जगण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. वाचवायचे ते सोबत्यांनीच.

त्यामुळे प्रत्येक स्वाराच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब सळई असावी, असा दंडक आहे. ही साधने गाडीला बांधून ठेवणे व्यर्थ, कारण स्वार आणि गाडीची ताटातूट कोणत्याही क्षणी होऊ शकते. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचणे, धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जाणे आणि एकट्याने बाहेर न पडणे, हे नियमही तितकेच महत्त्वाचे.

धोका केवळ कड्यावरच असतो असे नाही. झाडीतून जाताना देवदाराच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात पडून गुदमरण्याची भीती असते. दूरवर इंजिन बंद पडले, तर आणखी एक संकट उभे राहते. गाडीने तासाभरात कापलेले अंतर खोल बर्फातून पायी परतताना अंधार पडेपर्यंतही संपत नाही. अनुभवी स्वार म्हणूनच बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे, उबदार कपडे आणि आग पेटवण्याचे साहित्य बरोबर ठेवतात.

चाके काढून पट्टा बसवणे हे कुशल हातांचे थोड्या वेळाचे काम आहे. उतार पाहून ‘आज नको’ म्हणण्याचे शहाणपण मात्र कोणत्याच संचासोबत मिळत नाही. ते स्वाराला स्वतःच कमवावे लागते.