ध्रुवाजवळून जाणारी सर्वांत छोटी वाट

नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील लाँगइयरबियेन आणि अलास्काच्या उत्तर टोकावरील उत्किआग्विक, म्हणजे पूर्वीचे बॅरो, ही दोन लहान गावे असून त्यांच्या विमानतळांदरम्यान थेट नियमित विमानसेवा नाही. मर्केटर प्रक्षेपाच्या नकाशात ती एकमेकांपासून फार दूर दिसतात, कारण या प्रक्षेपात ध्रुवाकडील प्रदेश अतोनात ताणला जातो. त्या नकाशावर त्यांना जोडणारी सरळ रेषा, म्हणजे होकायंत्राची दिशा कायम ठेवून कापायचा मार्ग, सुमारे ५,००० किलोमीटरचा भरतो. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणी दोरा ताणून धरला तर तो मात्र उत्तर ध्रुवापासून जेमतेम ११० किलोमीटर अंतरावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलावर उमटणाऱ्या अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर त्याच्याच कमानीवर मोजले जाते.

हे गणित हाताने करण्याजोगे आहे. लाँगइयरबियेनचा विमानतळ ध्रुवापासून सुमारे ११.७५ अंशांवर आहे, उत्किआग्विकचा १८.७ अंशांवर, आणि दोहोंच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक असल्याने ते ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना येतात. गोलीय त्रिकोणमितीने पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ३०.४ अंश मिळतो. अंशाच्या साठाव्या भागास, म्हणजे एका कलेस, साधारण एक सागरी मैल (१.८५२ किलोमीटर) धरला की उत्तर येते सुमारे ३,३८० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने हे अंतर घटेल असे वाटते, परंतु तेथील पृष्ठभागाची वक्रता कमी असल्यामुळे एका अंशाची लांबी उलट थोडी वाढते आणि अचूक अंतर ३,३९० किलोमीटरच्या आसपास जाते.

मार्ग सर्वांत छोटा असला तरी तो राखणे सोपे नाही, कारण ध्रुवाशी रेखावृत्ते एकवटत असल्याने बृहद्वृत्त प्रत्येक रेखावृत्ताला निराळ्या कोनात छेदते आणि उत्तरेकडे निघालेले विमान नाक न वळवताही दक्षिणेकडे जाऊ लागते. एप्रिल १९२८ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयेलसन यांनी एका इंजिनाच्या लॉकहीड वेगा विमानातून पॉइंट बॅरो ते स्वालबारमधील स्पिट्सबर्गेन हे उड्डाण केले, तेव्हा भरवशाच्या होकायंत्राविना, सूर्याचे वेध घेत आणि रोख वारंवार बदलत त्यांनी सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर २० तास २० मिनिटांत कापले. दिशाशोधनाच्या इतिहासात या कामगिरीची थोरवी ध्रुवावरून झालेल्या अधिक गाजलेल्या उड्डाणांपेक्षा तसूभरही कमी नाही.

आजच्या जेट विमानाचा वेग सभोवतालच्या हवेच्या सापेक्ष ताशी ८३० किलोमीटर धरला तर स्थिर हवेत हे अंतर चार तास पाच मिनिटांचे होते. ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर साडेचार तास लागतात, पाठीमागून असेल तर पावणेचार तास पुरतात. टॅक्सी, चढण आणि उतरण यांसाठी आणखी अर्धा तास धरावा लागतो. वाटेत इंधनाचे तापमानही पाहावे लागते, कारण जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस असून ध्रुवीय हवा त्याहूनही थंड असू शकते. शिवाय दोन्ही गावांच्या घड्याळांत बहुतेक वर्षभर दहा तासांचा फरक असतो. लाँगइयरबियेनहून दुपारी बाराला निघालेले विमान साडेचार तासांनी उत्किआग्विकला उतरेल तेव्हा तेथे त्याच दिवशीच्या सकाळचे साडेसहा वाजलेले असतील, म्हणून उड्डाणाचा काळ स्थानिक वेळेत न मोजता समन्वित जागतिक वेळेत मोजतात.